विश्लेषण : पाचटाला काडी लावल्यावर रानातले नेमके काय जळते?

साखर हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर जिल्ह्यात रात्री प्रवास करणाऱ्याला एक दृश्य हमखास दिसते. करवीर असो, कागल, हातकणंगले वा शिरोळ. फडातून उसाची शेवटची ट्रॉली बाहेर पडली, की एक-दोन दिवसांत त्या रानात आग दिसते. वाळलेले पाचट भराभर पेटते. अर्ध्या-पाऊण तासात एकरभर रान मोकळे होते आणि सकाळी काळ्या राखेत फक्त बुडखे उरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने रान साफ झालेले असते. खोडव्याला पाणी सोडायला किंवा नांगर घालायला ते तयार असते.

धुराची चर्चा होते, कारण धूर दिसतो. मातीत काय घडले, ते दिसत नाही. जमिनीच्या वरच्या वीतभर थरात राहणाऱ्या असंख्य जीवांच्या वर्षभराच्या अन्नाची त्या आगीत राख झालेली असते. 'पूर्वीसारखे एकरी उतारे येत नाहीत', 'खताचा डोस वाढवला तरी ऊस हलत नाही' या तक्रारींचे एक मोठे कारण तिथे आहे.

मातीत नेमके कोण राहते?

चांगल्या शेतातील एका ग्रॅम मातीत काही कोटींपासून शंभर कोटींहून अधिक जिवाणू असू शकतात. त्यांच्यासोबत बुरशी, ॲक्टिनोमायसिटीज, एकपेशीय जीव, सूत्रकृमी, माइट, वाळवी, मुंग्या, गोम आणि गांडुळे असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने पृथ्वीवरील सुमारे ५९ टक्के प्रजाती आयुष्याचा काही ना काही काळ मातीत काढतात, असा अंदाज मांडला. म्हणजे जंगल आणि समुद्र यांच्याइतकेच पायाखालचे रानही जीवसृष्टीचे घर आहे.

पहिल्या वळवाच्या पावसानंतर येणारा मातीचा वास हीदेखील या जीवांचीच खूण आहे. स्ट्रेप्टोमायसिस गटातील जिवाणू 'जिओस्मिन' नावाचे संयुग तयार करतात आणि पावसाचे थेंब पडले की ते हवेत मिसळते. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषधही याच गटातील जिवाणूपासून १९४३ मध्ये मिळाले.

मात्र मातीतला प्रत्येक जीव शेतकऱ्याचा मित्र नसतो. हुमणीने उसाची मुळे कुरतडल्यावर फड कसा वाळतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण त्याच मातीत मेटारायझियम नावाची बुरशी असते आणि ती हुमणीच्या अळीवर वाढून तिला मारते. काही सूत्रकृमी मुळांवर गाठी करतात, तर काही किडींच्या अळ्या संपवतात. जिवंत मातीत खाणारा असतो तसा त्याला खाणाराही असतो. हा तोल ढळला, की एखादी कीड मोकाट सुटते.

हे जीव पिकासाठी काय करतात?

सर्वांत मोठे काम म्हणजे कुजवणे. पान, मूळ, शेण यांतील अन्नद्रव्ये पिकाला थेट घेता येत नाहीत. बुरशी आणि जिवाणू त्यांचे विघटन करतात, या जीवांना दुसरे जीव खातात आणि या साखळीतून नत्र, स्फुरद, गंधक पिकाला घेता येईल अशा रूपात मोकळे होतात.

दुसरे काम हवेतील नत्र पकडण्याचे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असला, तरी पिकाला तो तसाच वापरता येत नाही. सोयाबीन, भुईमूग, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींमध्ये रायझोबियम जिवाणू हे काम करतात. उसाच्या आत राहून नत्र स्थिर करणारा जिवाणू १९८८ मध्ये ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी नोंदवला. बेणेप्रक्रियेसाठी ॲसिटोबॅक्टरचे जे संवर्धन आज महाराष्ट्रात वापरले जाते, ते याच जिवाणूचे.

तिसरे काम मातीची बांधणी. जिवाणूंचा चिकट स्राव आणि बुरशीचे धागे मातीचे बारीक कण एकत्र बांधून रवाळ ढेकळे बनवतात. गांडुळांच्या बिळांतून पाणी आणि हवा खाली जाते. गांडुळांनी माती कशी बदलते, यावर चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले होते. ही बांधणी टिकली तर पाऊस मुरतो. मोडली तर वरचा थर पहिल्या पावसात चिकट होतो आणि उन्हात कडक पापुद्रा धरतो.

'बेवड चांगला आहे' असे जुने शेतकरी म्हणतात, तेव्हा ते याचाच उल्लेख करत असतात. भुईमूग किंवा ताग घेतलेल्या रानात पुढचे पीक चांगले येते, कारण आधीच्या पिकाच्या मुळांनी आणि त्यांच्यावर जगलेल्या जीवांनी जमीन तयार करून ठेवलेली असते. सूक्ष्मदर्शक न पाहिलेल्या पिढ्यांनी हा अनुभव एका शब्दात साठवला.

पाचटात असते तरी काय?

एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन वाळलेले पाचट मिळते, म्हणजे एकरी तीन ते चार टन. त्यात सुमारे ०.५ टक्का नत्र, ०.२ टक्का स्फुरद आणि ०.७ ते १ टक्का पालाश असते. चार टन पाचट धरले, तर नत्र होते २० किलो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के प्रमाणाने जवळपास एवढेच नत्र असते. म्हणजे एक एकर पाचट पेटवणे हे नत्राच्या हिशेबाने युरियाची एक गोणी पेटवण्यासारखे आहे.

पालाश आणि स्फुरदाचा बराच भाग राखेत राहतो, पण ही राख वाऱ्याने आणि पाटाच्या पाण्याने सहज हलते. नत्र आणि गंधकाचा मोठा भाग मात्र धुरासोबत जातो.

खरी गोम पुढे आहे. युरियाची गोणी अनुदानामुळे शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. एवढ्या रकमेसाठी पाचट सांभाळण्याचा खटाटोप कोण करणार? हिशेब फक्त नत्राचा मांडला, तर काडी लावणारा चुकत नाही. पण त्याच चार टनांत सुमारे दीड टन कार्बन असतो आणि तो कोणत्याही खताच्या दुकानात गोणीत मिळत नाही. मातीतील बहुतेक जीव या कार्बनवरच जगतात. नत्र हे त्यांच्या जेवणातले मीठ मानले, तर कार्बन ही भाकरी आहे.

आगीने सगळे जिवाणू मरतात का?

असे सरसकट सांगितले जाते, पण ते तितकेसे बरोबर नाही. माती उष्णतेची मंद वाहक आहे. पाचटाची आग वेगाने पुढे सरकते, त्यामुळे तीव्र उष्णता वरच्या काही सेंटिमीटरपर्यंतच पोचते. पृष्ठभागावरचे आणि पाचटात राहणारे जीव मरतात. खालचे बरेचसे वाचतात.

पण वाचलेल्यांपुढे खायला काही नसते. वर्षानुवर्षे पाचट जळत राहिले, शेणखत कमी झाले आणि गोठ्यातली जनावरे घटली, की मातीतले जीव आगीपेक्षा उपासमारीने अधिक कमी होतात. म्हणून एकदा पाचट जाळले तर फारसा फरक दिसत नाही. तोटा दहा-पंधरा वर्षांनी दिसतो आणि तेव्हा दोष बियाण्याला, पाण्याला किंवा खताला दिला जातो.

मग शेतकरी पाचट का जाळतात?

कारणे खरी आहेत. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. पाचटाच्या थराखाली साप-विंचवाची भीती असते. पाटपाण्याला अडथळा होतो, सरी पुढे सरकत नाही. मशागतीची अवजारे पाचटात अडकतात. शेजारच्या रानात आग लागली, तर आपले ठेवलेले पाचटही त्यात जाते. तोडणीची टोळी लवकर यावी किंवा तोड सोपी व्हावी म्हणून काही वेळा उभा ऊसच पेटवला जातो आणि अशा जळीत उसाच्या दरातून कपात सोसावी लागते.

यात जमीन खंडाने कसणाऱ्याची अडचण वेगळी आहे. मातीत घातलेल्या कार्बनचा लाभ पाच-सात वर्षांनी मिळणार असेल आणि रान पुढच्या वर्षी हातात राहील याची खात्री नसेल, तर तो वाट का पाहील?

पाचट ठेवले की खोडवा पिवळा का पडतो?

ज्यांनी एकदा पाचट ठेवून पाहिले आणि पुन्हा कानाला खडा लावला, त्यांच्यापैकी अनेकांचा हाच अनुभव असतो. कारण सोपे आहे. पाचटात कार्बन आणि नत्राचे प्रमाण साधारण १०० ला १ असते. कुजवणाऱ्या जीवांना मात्र सुमारे २५ ला १ असा आहार लागतो. पाचटात नत्र कमी पडले, की हे जीव ते मातीतून उचलतात. काही आठवडे पीक आणि जिवाणू यांच्यात नत्रासाठी स्पर्धा चालते आणि त्यात जिवाणू जिंकतात. पुढे हेच जीव मेले, की ते नत्र पुन्हा पिकाला मिळते.

ही मधली अडचण टाळण्यासाठीच खोडव्यात पाचटावर एकरी साधारण ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाकण्याची शिफारस केली जाते. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबून बसवायचे आणि ओलावा टिकवायचा. पाण्याला अडथळा होत असेल, तर एकाआड एक सरीत पाचट ठेवता येते. कुट्टी यंत्राने बारीक केलेले पाचट लवकर कुजते. पाचटाच्या आच्छादनाने तण दबते आणि पाण्याच्या पाळ्यांमधले अंतर वाढते, हा लाभ पहिल्याच उन्हाळ्यात दिसतो.

म्हणजे रासायनिक खत हा मातीतील जीवांचा शत्रू आहे, असेही नाही. मोजून दिलेल्या खताने पीक जोमदार होते, मुळे वाढतात आणि मातीत कार्बनही अधिक जातो. एकाच जागी मोठा डोस ओतणे आणि सेंद्रिय पदार्थ न देता केवळ गोण्यांवर शेती चालवणे, हे नुकसान करते.

नांगरणी थांबवली तर?

हा प्रश्न कोल्हापुरातूनच ठामपणे विचारला गेला. येथील शेतकरी आणि कृषी पदवीधर प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणी शेतीचे प्रयोग स्वतःच्या रानात अनेक वर्षे केले आणि जमिनीच्या सुपीकतेवर मराठीत सातत्याने लिहिले. त्यांची मांडणी अशी, की बाहेरून गाड्या भरून खत आणण्याआधी रानातच तयार झालेल्या सेंद्रिय पदार्थाकडे पाहा. आधीच्या पिकाची मुळे आणि जमिनीखालचे अवशेष उपटून, जाळून किंवा उलथून न टाकता जागच्या जागी कुजू द्या. नांगरटीने बुरशीचे जाळे तुटते, माती उघडी पडते आणि साठलेला कार्बन झपाट्याने वापरला जातो.

रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा भात तंत्रही याच दिशेने जाते. कायमस्वरूपी गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच. या पद्धतींत होणारा तणनाशकाचा वापर अनेकांना खटकतो आणि त्यावर चर्चा व्हायला हवी. ओल्या रानात भरलेल्या ट्रॉल्या फिरून तळ दबला असेल, तर तो मोकळा करावाच लागतो. पण दरवर्षी खोल नांगरट म्हणजेच चांगली मशागत, या समजाला दोन्ही प्रयोगांनी धक्का दिला आहे.

अति पाण्याचा याच्याशी काय संबंध?

मातीतील बहुतेक उपयुक्त जीवांना प्राणवायू लागतो. शेतकरी ज्याला 'वापसा' म्हणतात, ती पाणी आणि हवा यांचा तोल साधलेली अवस्था पिकाच्या मुळांइतकीच या जीवांनाही मानवते. रान सतत तुंबले, की हवेवर जगणारे जीव मागे पडतात आणि हवेविना जगणारे वाढतात. त्यांतले काही जिवाणू खतातल्या नत्राचे वायूत रूपांतर करून ते हवेत सोडतात. त्यातला नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवणारा वायू आहे. म्हणजे गोणीचे पैसेही गेले आणि हवेचेही नुकसान झाले.

शिरोळ तालुक्याने याची मोठी किंमत मोजली. अतिरिक्त पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे तिथली काळी कसदार जमीन क्षारपड होत गेली. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले, जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून सामूहिक निचरा योजना उभ्या राहिल्या आणि पडीक पडलेल्या रानात पुन्हा पिके आली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा आणि कृष्णाकाठची राने अनेक दिवस पाण्याखाली राहिली. अशा पुरानंतर निचरा, वापसा आणि सेंद्रिय पदार्थ हीच माती सावरण्याची क्रमवारी असते.

बाटलीतले जिवाणू पुरेसे नाहीत का?

जिवाणू संवर्धनांचा उपयोग आहे, विशेषतः बेणेप्रक्रियेत आणि कडधान्यांच्या बीजप्रक्रियेत. पण ०.३ टक्के सेंद्रिय कर्ब असलेल्या कोरड्या, उघड्या रानात महागडी बाटली ओतणे म्हणजे चूल न पेटलेल्या घरी पाहुणे पाठवण्यासारखे आहे. आलेले जीव टिकत नाहीत. आधी अन्न, ओलावा आणि सावली, मग जिवाणू. बाटली घेताना तिची अंतिम तारीख आणि ती उन्हात ठेवलेली होती का, हेही पाहायला हवे.

आपली माती जिवंत आहे का, हे कसे ओळखायचे?

फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत १२ घटक तपासले जातात. त्यात सामू, क्षारता, नत्र-स्फुरद-पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये आहेत, पण मातीतल्या जीवांची मोजणी नाही. त्यांच्या सर्वांत जवळ जाणारा आकडा म्हणजे सेंद्रिय कर्ब. तो ०.५ टक्क्याच्या खाली असेल, तर कमी समजला जातो. पत्रिका हातात आली, की आधी हा रकाना पाहावा.

घरच्या घरी तीन गोष्टी करता येतात.

१. वापशावर असलेल्या रानात फूटभर लांब-रुंद आणि वीतभर खोल खड्डा घ्या. निघालेली माती गोणपाटावर पसरून गांडुळे मोजा. एकही दिसले नाही, तर ते लक्षण बरे नाही.

२. वाळलेले छोटे ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात अलगद सोडा. ते लगेच विरघळून गाळ झाला, तर मातीची बांधणी कमकुवत आहे. आकार टिकून राहिला, तर जीवांचे काम चालू आहे.

३. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओलाव्याच्या जागी वीतभर खोल पुरून दोन महिन्यांनी काढा. जिवंत मातीत त्याच्या चिंध्या झालेल्या असतात. कापड जवळपास तसेच निघाले, तर कुजवणारे जीव कमी आहेत.

तिन्ही चाचण्या एकदा पाचट जाळलेल्या आणि एकदा पाचट ठेवलेल्या रानात केल्या, तर शेतकऱ्याला वेगळ्या व्याख्यानाची गरज उरणार नाही.

फरक किती वर्षांत पडतो?

इथे खोटी आशा दाखवू नये. एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन साधारण ९०० टन भरते. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्का असेल, तर त्यात साडेचार टन कार्बन असतो. पाचटातून दीड टन कार्बन दिला, तरी त्यातला बहुतांश जीवांच्या श्वासावाटे हवेत जातो. सहावा-सातवा हिस्सा मागे राहिला असे धरले, तर वर्षाला दोनशे-अडीचशे किलो शिल्लक पडते. म्हणजे पत्रिकेवरचा आकडा वर्षाला ०.०२ ने वाढेल. ०.५ चा ०.७ व्हायला दहा वर्षे लागतील. शेणखत, ताग-धैंचासारखे हिरवळीचे खत आणि कमी नांगरट यांची जोड दिली, तर वेग वाढतो. मातीची मऊ बांधणी, मुरणारे पाणी आणि गांडुळे मात्र त्याच्या बऱ्याच आधी दिसू लागतात.

पुढे काय व्हायला हवे?

पाचट जाळणे ही शेतकऱ्याच्या अज्ञानाची गोष्ट आहे, असे समजून चालवलेल्या मोहिमा फार पुढे जात नाहीत. त्याला वेळ, मजूर आणि यंत्र हवे आहे. कोल्हापूरच्या साखर कारखान्यांकडे प्रत्येक सभासदाच्या फडाची नोंद आहे, शेतकी विभाग आहे आणि तोडणीची तारीख त्यांनाच आधी माहीत असते. तोड झालेल्या गटात त्याच आठवड्यात कुट्टी यंत्र पोचवणे, हे काम त्यांच्याइतके सोपे दुसऱ्या कोणालाही नाही. गावातली दहा-वीस राने एकदम पाचट ठेवतील, तर शेजारच्या आगीची भीतीही कमी होईल.

उसाचा दर वजनावर आणि साखर उताऱ्यावर ठरतो. रानाचा सेंद्रिय कर्ब वाढवणाऱ्याला त्यात वेगळे काही मिळत नाही आणि तो जाळणाऱ्याचे काही कापलेही जात नाही. नत्राला अनुदान आहे, कार्बनला नाही. दर तीन वर्षांनी फडाची कर्ब तपासणी करून, तो टिकवणाऱ्या सभासदाला खतात किंवा बेण्यात सवलत देणे अवघड नाही. सरकारनेही पाचट ठेवण्याकडे खताच्या अनुदानाइतक्याच गांभीर्याने पाहायला हवे. शेतात कुजणारे पाचट हेही एक खतच आहे आणि ते बाहेरून आयात करावे लागत नाही.

तोपर्यंत निर्णय बांधावरच होणार आहे. सगळे रान एकदम बदलण्याची गरज नाही. या हंगामात खोडव्याच्या पाच गुंठ्यांतले पाचट ठेवून पाहावे, बाकीच्याशी त्याची तुलना करावी आणि पुढच्या वर्षी काडी लावायची की नाही, हे तिथली माती हातात घेऊन ठरवावे.